किती वाजले आणि किती वेळ लागला

आपल्या स्वयंपाकघरात दोन प्रकारांनी वेळ मोजला जातो. भिंतीवर घड्याळ असते, ते सांगते किती वाजले. आणि शेगडीवर कुकर असतो, त्याच्या शिट्ट्या सांगतात डाळ चढवून किती वेळ झाला. दोन्ही वेळच सांगतात, पण दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. तीन शिट्ट्या झाल्या म्हणून सकाळचे अकरा वाजले की रात्रीचे आठ, हे काही कळत नाही. आणि अकरा वाजले म्हणून डाळ शिजली असेही होत नाही. घरातल्या कुणालाही हा फरक शिकवावा लागत नाही. संगणकाला मात्र तो शिकवावा लागतो, आणि शिकवणारी माणसे जाणती असली तरी कधीतरी गल्लत होते. २०२१ साली झालेल्या अशाच एका गल्लतीची ही गोष्ट आहे. ती लहान आहे. तिच्यात कुणाचा पैसा बुडाला नाही. पण मोजमाप म्हणजे काय, हे ती फार चांगले समजावून देते.

बँकेत, दवाखान्यात, रेल्वेच्या तिकीट खिडकीवर आपण नाव सांगतो आणि समोरचा माणूस पडद्याकडे बघतो. त्या पडद्यामागे असतो डेटाबेस. डेटाबेस म्हणजे शिस्तीने लावलेली माहितीची कोठी. कुठली गोणी कुठे आहे, कुणी किती दाणे नेले, कुणी किती टाकले, याचा हिशेब ती कोठी स्वतःच ठेवते. अशा कोठ्या बांधणाऱ्या अनेक प्रणाली आहेत. त्यांतली एक नामांकित प्रणाली म्हणजे पोस्टग्रेस. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथे १९८६ साली मायकेल स्टोनब्रेकर यांच्या पुढाकाराने तिचे काम सुरू झाले. १९९६ पासून ती पोस्टग्रेस्क्यूएल या नावाने ओळखली जाते. ती विकत घ्यावी लागत नाही, आणि तिच्या आतल्या प्रोग्रॅमच्या ओळी कुणालाही वाचता येतात. जगभरची माणसे मिळून ती सुधारत असतात.

आता, नवे जाते घरात आणले की आधी मूठभर दाणे टाकून बघतात. कसे दळते, किती दळते, मध्येच अडते का? डेटाबेसचेही तसेच. तो कामाला लावण्याआधी त्याची परीक्षा घ्यावी लागते. पोस्टग्रेसबरोबर या परीक्षेसाठी एक औजार येते, त्याचे नाव पीजीबेंच. हे औजार एक लुटुपुटुची बँक उभी करते. सर्वांत लहान मापाच्या या बँकेत १ शाखा असते, १० रोखपाल असतात आणि १ लाख खाती असतात. मग औजार आपले लुटुपुटुचे ग्राहक पाठवते. प्रत्येक ग्राहक एकच ठरलेला व्यवहार पुन्हा पुन्हा करतो. खात्याची शिल्लक बदलायची, बदललेली शिल्लक वाचून बघायची, रोखपालाच्या हिशेबात फेरफार करायचा, शाखेच्या हिशेबात फेरफार करायचा आणि शेवटी इतिहासाच्या वहीत एक ओळ लिहायची. अशी पाच कामे मिळून एक व्यवहार. सेकंदाला असे किती व्यवहार उरकले, हा परीक्षेचा निकाल.

पण नुसता निकाल पुरत नाही. परीक्षेत पोराला साठ टक्के मिळाले, एवढ्यावर बापाचे समाधान होत नाही. कुठल्या विषयात मार खाल्ला ते त्याला बघायचे असते. म्हणून पीजीबेंचला सांगितले, तर ते प्रत्येक व्यवहाराची एक ओळ लिहून ठेवते. कितव्या ग्राहकाचा कितवा व्यवहार, त्याला किती वेळ लागला, आणि तो केव्हा संपला. औजाराच्या माहितीपुस्तिकेत नमुन्यादाखल जी ओळ दिलेली आहे तिच्यात लागलेला वेळ आहे २२४१ मायक्रोसेकंद. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. म्हणजे एवढा सगळा व्यवहार सेकंदाच्या पाचशेव्या भागाहून किंचित कमी-जास्त वेळात उरकला! आणि तो केव्हा उरकला, त्या जागी आकडा आहे ११७५८५०५६८. यालाच टाइमस्टॅम्प म्हणतात. पोस्टाच्या पाकिटावर तारखेचा गोल शिक्का बसतो ना, तसा हा वेळेचा शिक्का.

एवढा मोठा आकडा ही वेळ कशी? त्यासाठी शक समजून घ्यायला हवा. शालिवाहन शकाची वर्षे इसवी सन ७८ पासून मोजतात. हिजरी सनाची गणना ६२२ पासून होते. तसा संगणकांचाही एक शक आहे, युनिक्सचा. त्याचा आरंभ १ जानेवारी १९७० रोजी ग्रीनिचच्या मध्यरात्री होतो. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. तेव्हापासून वर्षे नव्हे, महिने नव्हे, नुसते सेकंद मोजत राहायचे. ९ सप्टेंबर २००१ रोजी सकाळी ७ वाजून १६ मिनिटे ४० सेकंदांनी, आपल्या वेळेप्रमाणे, या शकाचे १ अब्ज सेकंद पूर्ण झाले. या हिशेबाने नमुन्यातला तो आकडा म्हणजे ६ एप्रिल २००७, दुपारचे २ वाजून ३९ मिनिटे २८ सेकंद. आकडा एकच, पण त्यात तारीख आली, वेळ आली आणि जगात कुठेही वाचला तरी त्याचा अर्थ बदलत नाही.

इथे आपण गोष्टीच्या मध्यावर आलो. संगणकात खरे तर दोन घड्याळे असतात. भिंतीवरच्या घड्याळासारखे एक, जे आत्ता किती वाजले ते या युनिक्स शकात सांगते. पण भिंतीवरचे घड्याळ आपण अधूनमधून पुढे-मागे करतो की नाही? आकाशवाणीच्या बातम्यांशी घड्याळ लावणारी पिढी अजून आपल्यात आहे. संगणकही तेच करतो. त्याच्या आतला स्फटिक थोडा मंद किंवा थोडा जलद धडधडतो, म्हणून तो नेटवर्कवरच्या नेमक्या घड्याळांना वेळ विचारतो आणि आपले घड्याळ दुरुस्त करून घेतो. ही विचारपूस करण्याची रीत अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातले डेव्हिड मिल्स यांनी बसवली, आणि १९८५ पासून ती चालत आली आहे.

दुरुस्ती चांगलीच, पण तिचा एक त्रास आहे. समजा, एक व्यवहार दहा वाजून पाच सेकंदांनी सुरू झाला. तो चालू असतानाच संगणकाने आपले घड्याळ दोन सेकंद मागे घेतले. व्यवहार संपला तेव्हा घड्याळात दहा वाजून चार सेकंद. वजाबाकी केली तर लागलेला वेळ उणे एक सेकंद. म्हणजे सुरू होण्याआधीच काम संपले! म्हणून किती वेळ लागला हे मोजण्यासाठी संगणकात दुसरे घड्याळ ठेवलेले असते. ते कधीच मागे जात नाही आणि कुणाच्या सांगण्यावरून उडी मारत नाही. लिनक्स या प्रणालीत ते संगणक सुरू केल्यापासूनचा काळ मोजते. त्याला तारीख माहीत नाही, वार माहीत नाही. ते फक्त पुढे जाते.

आपल्याकडे असे घड्याळ फार जुने आहे. लग्नमुहूर्तासाठी लावायचे घटिकापात्र. पाण्याने भरलेल्या घंगाळात बुडाला बारीक भोक असलेली वाटी सोडायची. वाटीत हळूहळू पाणी शिरते आणि ती बुडते. एक बुडी म्हणजे एक घटिका, आपल्या हिशेबाने २४ मिनिटे. दिवसरात्रीच्या अशा ६० घटिका. ‘घटका भरली’ हा शब्दप्रयोग या वाटीवरूनच आपल्या बोलण्यात आला. आता हे बघा, वाटी पाच वेळा बुडाली एवढ्यावरून मुहूर्त कळतो का? नाही कळत. वाटी पाण्यात केव्हा सोडली ते ठाऊक असेल तरच कळतो. म्हणून ती सूर्योदयाला सोडायची रीत होती. सूर्योदयाची ती एक खूण हरवली, तर वाटी किती अचूक का असेना, तिच्या पाच बुड्यांवरून कुणी अक्षता टाकू शकणार नाही.

पीजीबेंचमध्ये नेमकी ती खूण हरवली.

पूर्वीच्या आवृत्त्यांमध्ये हे औजार दोन्ही घड्याळे वापरत होते. व्यवहाराला किती वेळ लागला हे मोजायला न अडखळणारे घड्याळ, आणि ओळीच्या शेवटी शिक्का मारायला भिंतीवरचे घड्याळ. मार्च २०२१ मध्ये या औजाराच्या आतल्या वेळेच्या हिशेबाची आवराआवर झाली. सगळीकडे एकाच पद्धतीने, मायक्रोसेकंदांत हिशेब ठेवायचा, असे ठरले. हेतू चांगला होता. प्रोग्रॅम सुटसुटीत झाला. पण आवरताना घरात होते तेच इथेही झाले. दोन सारख्या दिसणाऱ्या वस्तू एकाच डब्यात गेल्या. शिक्का मारायचा आकडाही आता त्या दुसऱ्या, तारीख नसलेल्या घड्याळातून येऊ लागला.

परिणाम काय झाला असेल ते ताडून बघा. समजा, तुमचा संगणक बरोबर दहा दिवसांपूर्वी सुरू केला आहे. दहा दिवसांचे सेकंद होतात ८ लाख ६४ हजार. ओळीच्या शेवटी हा आकडा आला. वाचणाऱ्याने तो युनिक्स शकातला समजून वाचला, तर त्याला मिळणार ११ जानेवारी १९७०, पहाटेचे साडेपाच. शेजारचा संगणक कालच सुरू केला असेल, तर त्याच क्षणी तिथे तारीख येणार २ जानेवारी १९७०. प्रत्येक संगणकाचा आपापला शक!

लग्नपत्रिकेवर आपण ‘शके १९४७’ असे छापतो. कुणी तो आकडा इसवी सन म्हणून वाचला, तर लग्न स्वातंत्र्याच्या वर्षी झाले असे त्याला वाटेल. पत्रिका खोटी नसते, छपाईही चुकलेली नसते. चुकतो तो शक. पीजीबेंचच्या ओळीत अगदी हेच झाले.

माझी भाची पुण्यात डेटाबेसच्याच कामात आहे. हा किस्सा तिच्याकडूनच कळला. मी तिला विचारले, “एवढ्या जाणत्या माणसांच्या हे लक्षात कसे आले नाही?” ती म्हणाली, “मामू, बाकी सगळे बरोबर होते ना! सेकंदाला व्यवहार किती, एकेका व्यवहाराला वेळ किती, सगळे आकडे खरे. औजार वापरणारा माणूस आधी तेच बघतो. शिक्का कोण वाचतो?”

पाकिटावरचा शिक्काही आपण रोज वाचत नाही. मुलाखतीचे पत्र मुलाखत होऊन गेल्यावर हातात पडते, तेव्हा मात्र तोच आधी बघतो. डेटाबेसच्या कामातही असा दिवस येतो. परीक्षा तासभर चालली आहे. व्यवहार दोन-दोन हजार मायक्रोसेकंदांत उरकत आहेत. मध्येच काही सेकंद असे येतात, की त्याच व्यवहाराला शंभरपट वेळ लागतो. का? डेटाबेस आपली बरीचशी कामे आधी स्मरणात करतो आणि ठरावीक काळाने बदललेली पाने डिस्कवर उतरवतो. याला चेकपॉइंट म्हणतात. पोस्टग्रेस जशी येते तशीच वापरली, आणि कामाची वर्दळ असली, तर निदान दर पाच मिनिटांनी हे होते. तेव्हा डिस्कवर ताण येतो. की आणखी कुणी त्याच संगणकावर दुसरे जड काम सुरू केले? की नेटवर्क अडले? उत्तर शोधायचे तर परीक्षेची वही, डेटाबेसची स्वतःची वही आणि संगणकाची वही शेजारी शेजारी मांडावी लागते. दोन वाजून चाळीस मिनिटांनी इथे काय झाले आणि तिथे काय झाले, हे ताडून बघावे लागते. दोन वह्यांत आजची तारीख आणि एकीत जानेवारी १९७० असेल, तर ताळा कशाचा घेणार?

आणि हा ताळा पुढे आपल्यापर्यंत येतो. कुठला डेटाबेस घ्यायचा, यंत्र किती मोठे लागेल, गर्दीच्या वेळी ते तग धरेल का, हे असल्याच परीक्षांवरून ठरते. महिन्याच्या एक तारखेला पेन्शन काढायला गेलेल्या माणसाला काउंटरवरून ‘सर्व्हर डाउन आहे’ असे ऐकावे लागते. त्यामागे कधी कधी असा न सापडलेला अडथळा असतो, आणि तो न सापडण्याचे कारण एखादी निरुपयोगी नोंद असू शकते.

मग ही चूक निस्तरली कशी? पोस्टग्रेसची १४ वी आवृत्ती तेव्हा चाचणीच्या टप्प्यात होती. अशा कच्च्या आवृत्त्या मुद्दाम लोकांपुढे ठेवल्या जातात, त्या याचसाठी. वापरणाऱ्यांनी ओळीचा शेवट वाचला, आकडा विचित्र आहे हे कळवले, चर्चा झाली आणि जुलै २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. ३० सप्टेंबर २०२१ रोजी १४ वी आवृत्ती अधिकृतपणे बाहेर पडली ती ही दुरुस्ती घेऊनच.

दुरुस्ती किती साधी आहे बघा. औजार सुरू होताना एकदाच दोन्ही घड्याळांकडे पाहते. भिंतीवरच्या घड्याळातून दुसऱ्या घड्याळाचा आकडा वजा करते आणि तो फरक लक्षात ठेवते. त्यानंतर सगळी मोजणी त्या न अडखळणाऱ्या घड्याळाने करते, आणि शिक्का मारायची वेळ आली की तो फरक मिळवून मारते. वाटी सोडतानाच सूर्योदयाची खूण करून ठेवली, की पुढच्या सगळ्या बुड्यांना अर्थ आला.

मुंबईच्या जुन्या माणसांना ही युक्ती नवी वाटणार नाही. देशात १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबई शहराने आपली वेगळी ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत चालवली. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. त्या काळी शहरातल्या घड्याळावरून गाडी गाठायची तर ३९ मिनिटे मिळवायची, एवढेच डोक्यात ठेवावे लागे. घड्याळ बदलायचे कारण नव्हते. दोन घड्याळांतला फरक ठाऊक असला की पुरे.

या युक्तीला एक मर्यादाही आहे, ती सांगितली पाहिजे. फरक एकदाच, सुरुवातीला काढलेला असतो. परीक्षा चालू असताना संगणकाने भिंतीवरचे घड्याळ दोन सेकंद मागे-पुढे केले, तर औजाराला त्याचा पत्ता नसतो. त्याचे शिक्के तेवढ्या दोन सेकंदांनी वेगळे राहतील. पण ते आपापसांत सुसंगत राहतील, आधीचे आधी आणि नंतरचे नंतर. दोन सेकंदांचा फरक माणूस समजून घेऊ शकतो. पन्नास वर्षांचा नाही.

याच गल्लतीची उलटी बाजूही जगाने पाहिली आहे. पृथ्वीचे फिरणे आणि अणुघड्याळे यांचा मेळ राहावा म्हणून १९७२ पासून अधूनमधून एक जादा सेकंद घालण्याची प्रथा आहे. २०१६ च्या अखेरपर्यंत असे २७ सेकंद घातले गेले. त्यातला सत्ताविसावा, ३१ डिसेंबर २०१६ रोजी ग्रीनिचच्या मध्यरात्री आला. आपल्याकडे तेव्हा १ जानेवारी २०१७ ची पहाट होती. इंटरनेटवरची नावे आणि पत्ते जुळवून देणाऱ्या क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या एका प्रोग्रॅममध्ये, किती वेळ लागला हे भिंतीवरच्या घड्याळाने मोजले जात होते. जादा सेकंदामुळे घड्याळ मागे गेल्यासारखे झाले, वजाबाकीचे उत्तर शून्याच्या खाली गेले, प्रोग्रॅमने असे उत्तर कधी अपेक्षिलेच नव्हते, आणि तो कोसळला. काही संकेतस्थळे काही काळ मिळेनाशी झाली. तो प्रोग्रॅम ‘गो’ या संगणकभाषेत लिहिलेला होता. ऑगस्ट २०१७ मध्ये आलेल्या त्या भाषेच्या १.९ या आवृत्तीत वेळेच्या प्रत्येक नोंदीत दोन्ही घड्याळांचे आकडे एकत्र ठेवण्याची सोय झाली. २०२२ मध्ये देशोदेशींच्या प्रतिनिधींनी ही जादा सेकंदाची प्रथाच २०३५ पर्यंत आवरती घेण्याचे ठरवले.

म्हणजे एका ठिकाणी ‘किती वेळ लागला’ याचे उत्तर ‘किती वाजले’ म्हणून दिले गेले, आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच्या उलट. दोन्ही ठिकाणी घड्याळे आपापले काम चोख करत होती. प्रश्न विचारणाऱ्याने भलत्याच घड्याळाला प्रश्न विचारला.

मी संगणकाचा माणूस नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण मात्रा मोजणे हा माझाही उद्योग आहे. ओळीच्या मात्रा मोजल्या की ओळ किती लांब आहे ते कळते. ती दुष्काळात लिहिली की दंगलीनंतर, हे मात्रा सांगत नाहीत. ते कवितेखालची तारीख सांगते. वृत्तात नीट बसलेली कविता तारखेवाचूनही वाचता येते. पण त्या काळाची साक्ष म्हणून ती पुढे ठेवायची, तर तारीख लागतेच.

पीजीबेंचच्या नोंदींचेही असेच आहे. त्यातला प्रत्येक आकडा अचूक होता, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत अचूक. पण तो कुठून मोजला हे हरवले, आणि दुसऱ्या कुठल्याही नोंदीशेजारी तो ठेवता येईनासा झाला. उद्या तुमच्यापुढे कुणी मोजमापाचा आकडा ठेवला, पावसाचा असो, विजेच्या मीटरचा असो की दवाखान्यातल्या रिपोर्टचा, तर तो किती बारकाईने मोजला हे जरूर विचारा. पण त्याआधी तो कुठून मोजायला सुरुवात केली, हे विचारून घ्या.